ते रडणं माझ्या मायचं होतं

आमची भिंत त्यांना फार स्वच्छ वाटली.

मायने दिवाळीला ती पांढऱ्या मातीने सारवली होती. वरून निळीचा हात दिला होता. सिनेमावाल्यांचा एक माणूस राख आणि काजळी कालवलेली बादली घेऊन आत आला. कोणाला विचारलं नाही. फडकं बुडवलं, भिंतीवर ओढलं. वरून खाली. मग दुसऱ्या भिंतीवर. माय दारात उभी. हातात विड्यांचं सूप तसंच धरलेलं.

मग त्याने बुद्धाची तसबीर खिळ्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली. कोपऱ्यात शेंदूर फासलेला एक दगड आणून ठेवला. दगडापुढे दोन लिंबं.

माय म्हणाली, "हे दगड तं आम्ही कवाचेच कन्हानीत सोडले, बापू."

माणूस मुंबईचा. त्याला कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?"

मला सगळं सांगता आलं असतं. धम्म घेतला त्या वर्षी माझ्या बापाने घरातले देव टोपल्यात भरले, कन्हान नदीवर नेले आणि टोपल्यासकट सोडून दिले, हे सांगता आलं असतं. मी म्हणाले, "काही नाही."

थोड्या वेळाने दिग्दर्शक आला. खादीचा झब्बा, दाढी, खांद्याला झोळी. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून त्याने आमचं घर पाहिलं. भिंत पाहिली. दगड पाहिला. दारातल्या मायला पाहिलं.

"आता खरं वाटतं," तो म्हणाला.

म्हणजे तोवर आम्ही खोटे राहत होतो.

मी तेव्हा बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते. नागपुरात, मुलींच्या हॉस्टेलमध्ये. आणीबाणी नुकतीच उठली होती. गाव आमचं मौद्याकडचं, नदीकाठचं. बाप वारला होता. घरात माय एकटी. दिवसभर तेंदूच्या पानांच्या विड्या वळायची.

कॉलेजात मराठी शिकवणारे एक सर होते. शहरातली फिल्म सोसायटी तेच चालवायचे. रविवारी सकाळी एका सभागृहात सिनेमे दाखवायचे. नाचगाणी नसलेले, गरिबांवरचे, विचार करायला लावणारे. हॉस्टेलातली माझी जागा सरांच्याच शब्दावर मिळाली होती. दिग्दर्शक त्यांचा मित्र. वस्तीवर झालेल्या अत्याचाराचा सिनेमा काढणार होता. सरांनी त्याला माझं गाव सुचवलं आणि मला बोलावून सांगितलं, "आपल्या लोकांचं खरं जगणं पहिल्यांदा पडद्यावर येणार आहे."

आपल्या, म्हणाले. तो शब्द मी कितीतरी दिवस मनात घोळवला.

माझं काम नटीला आमची भाषा शिकवायचं. नटी मुंबईची, मोठ्या घरची, पण वागायला साधी. आमच्या ओट्यावर बसायची, वही घेऊन. मी म्हणायची, "मले, तुले, त्याले." ती लिहून घ्यायची. "काहून," म्हणजे का, मी म्हणायची. ती तीनदा म्हणून बघायची. "येऊन राहिली, जाऊन राहिली." सगळं वहीत. याच "मले"साठी कॉलेजात पोरी माझ्यावर हसल्या होत्या. सबंध पहिलं वर्ष मी तोंड मिटून काढलं होतं. आणि इथे ही बाई माझे शब्द मान खाली घालून लिहून घेत होती.

मी हुरळले. तेवढ्यासाठी मी भिंत काळी होऊ दिली.

सिनेमावाले उतरले होते मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या घरी. गावात पक्क्या खोल्या, विहीर, संडास त्याच्याकडेच. सिनेमातही एक जुलमी जमीनदार होता. त्याच्यासाठी मुंबईहून मिशीवाला नट आणला होता. खरा मालगुजार त्या नटाला रोज दही पाठवायचा. दोघं ओसरीवर पत्ते खेळायचे.

आता शेवंताचं सांगते.

शेवंता माझी मोठी बहीण. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मला अक्षरं तिने शिकवली, आणि मी पुढे शिकावं म्हणून स्वतःची शाळा सोडून मायजवळ विड्या वळायला बसली. लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला घरी आली. सिनेमावाले आले त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. दिवस भरले आणि मूल अडलं. सुईण म्हणाली, मौद्याच्या दवाखान्यात न्या. रस्ता चिखलाचा. वस्तीत बंडी, म्हणजे बैलगाडी, कोणाकडेच नव्हती. माय मालगुजाराकडे धावली. त्याच्या मागच्या आवारात बंडी उभी होती. बैल दावणीला होते.

मालगुजार म्हणाला, "बैल आत्ताच सोडले. आता जुंपत नाही."

माय पाया पडली. तो आत निघून गेला.

चार माणसांनी शेवंताला बाजेवर घातलं आणि खांद्यावर घेतलं. मी बाजेच्या बाजूने चालत होते. तिचा हात माझ्या हातात होता. अर्धा रस्ता तिने माझी बोटं आवळून धरली. नाल्याजवळ सोडली.

माय तेव्हा रडली नाही. गाव म्हणालं, बाई दगड झाली. तीन वर्षं तिने शेवंताचं नाव घेतलं ते फक्त झोपेत.

सिनेमात एक प्रसंग होता. नटीच्या नवऱ्याला मारून टाकतात आणि ती त्याच्या अंगावर पडून हंबरडा फोडते. नटीला तो जमेना. ती रडायची, पण शहरातलं रडायची. दिग्दर्शक वैतागला. तिसऱ्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझ्या आईला सांग ना. तिचा आवाज आपण घेऊ. चेहरा हिचा, आवाज तिचा. मला खरं रडणं हवंय."

शेवंताचं त्याला मीच सांगितलं होतं. ओट्यावर, गप्पांत. बंडीचंही सांगितलं होतं. त्याने डोळे मिटून ऐकलं होतं.

मी मायकडे गेले. माय विडीला दोरा बांधत होती.

"माय, साहेब म्हनते, तू एकदा रड."

"कोनासाठी?"

"शेवंतासाठी."

तिने दोरा दातांनी तोडला. "साहेबाले काय करायचं हाय शेवंताचं?"

"फिलिम जगाले दाखवतील ते. लोकायले समजंन, आपल्यावर काय गेलं. तिचं नाव होईन, माय."

हे मी म्हणाले. मला कोणी शिकवलं नव्हतं. माझा खरंच विश्वास होता.

मायने बांधलेली विडी सुपात ठेवली. मग म्हणाली, "नाव घेतलं तं चालन काय त्यायले?"

"काहून नाही चालन?"

ती उठली. घडीची साडी काढायला लागली. मी म्हणाले, "फक्त आवाजच घेनार हायेत, साडी राहू दे." तरी ती साडी नेसली.

वस्तीत कोंबड्या, पोरं, हापशाचा आवाज. टेपचं मशीन सांभाळणारा माणूस म्हणाला, इथे जमणार नाही, शांत जागा पाहिजे. शांत जागा गावात एकच होती. मालगुजाराचं मागचं आवार.

मी मायला तिथे नेलं. हात धरून नेलं. फाटकाशी तिचे पाय थांबले. समोर बंडी उभी होती. तीच. सिनेमासाठी तिच्यावर गवताचे भारे रचून ठेवले होते.

"इथं नोको," माय म्हणाली.

"पाच मिन्टांचं काम हाय, माय."

दिग्दर्शकाने बंडीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्याला समजलं होतं. मी शपथेवर सांगते, त्याला समजलं होतं. तो म्हणाला, "इथेच. बंडीसमोरच बसवा त्यांना."

मायला जमिनीवर बसवलं. तोंडापुढे काठीला बांधलेला माईक आला. सगळे गप्प झाले. माय बंडीकडे बघत राहिली. मग तिच्या पोटातून कुठून तरी आवाज निघाला. तसा आवाज मी माणसाचा ऐकला नव्हता.

"माह्या शेवंता वं... बंडी नाही देल्ली वं तुले... बैल उभे होते वं माय... माह्या शेवंता वं..."

तीन वर्षांचं सगळं आलं. ती मातीवर हात आपटत होती. टेपवाल्याचे डोळे भरले. नटी तोंडावर पदर घेऊन उभी होती. ओसरीवर मालगुजार होता. हात मागे बांधून ऐकत होता. त्याच्यासमोर, त्याच्या अंगणात, माझी माय त्याच्या तोंडावर त्याचं पाप सांगत होती. मला वाटलं, आता काहीतरी होईल. याची मान खाली जाईल.

"कट," दिग्दर्शक म्हणाला. "फारच छान. सुरुवातीला कावळा आला. पुन्हा एकदा घेऊ."

मी मायला सांगितलं, पुन्हा एकदा.

मायने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कोणाला सांगू शकत नाही. ती पुन्हा रडली. मग तिसऱ्यांदा, कारण माईक जरा जवळ हवा होता. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला. दिग्दर्शकाला तो सगळ्यात आवडला.

निघताना मालगुजार ओसरीवरून म्हणाला, "म्हातारीचा गळा चांगला हाय गा." आणि सिनेमातला जमीनदार आणि तो, दोघं हसले.

माय दोन दिवस चुलीपाशी गेली नाही. मग उठली. भिंत खरवडली, पुन्हा सारवली. तसबीर लावली. मला एवढंच म्हणाली, "फिलिम कवा येईन? शेवंताचं नाव कवा येईन?"

दर खेपेला विचारायची. मी सुट्टीत घरी गेले की उंबऱ्यातच विचारायची.

सिनेमा पुढच्या वर्षी आला. मुंबईत गाजला. सरांनी रविवारी सकाळी सोसायटीत पहिला खेळ ठेवला. दिग्दर्शक येणार, नटी येणार, नंतर चर्चा. मी दारात गेले तर पास विचारला. माझ्याकडे पास नव्हता. सर आले, म्हणाले, "अरे, ही आपलीच आहे, सोडा." मी शेवटच्या रांगेत बसले.

सुरुवातीला पांढरी अक्षरं आली. आभार. सगळ्यात वर मालगुजाराचं नाव, आधी श्री लावून. मग सरांचं. मग कुठल्या कुठल्या खात्यांचं. शेवटी "आणि सर्व गावकरी." मायचं नाव मी शोधत राहिले. अक्षरं संपली.

आमचं घर आलं. काळ्या भिंतीचं. दगड आला. पुढच्या रांगेतली एक बाई हळू आवाजात म्हणाली, "किती खरं दाखवलंय, नाही?"

मग तो प्रसंग आला. नटीने तोंड उघडलं आणि माझी माय रडली.

"माह्या... वं... वं माय... माह्या... वं..."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, आवाज अडकला. मग समजलं. शेवंता कापली होती. बंडी कापली होती. बैल कापले होते. कोणी काही दिलं नाही, कोणी काही नाकारलं नाही, नुसतं एका बाईचं रडणं उरलं होतं. त्यात कोण मेलं ते नाही. कोणामुळे मेलं ते नाही. सगळं सभागृह नाक ओढत होतं. मी बाकड्याची कड धरून बसले होते.

दिवे लागले. टाळ्या थांबेनात. चर्चा सुरू झाली. एका बाईने उठून नटीला विचारलं, "तो हंबरडा तुम्ही कुठून आणलात?"

नटी दिग्दर्शकाकडे बघायला लागली. तो म्हणाला, "अठरा दिवस ती त्यांच्यात राहिली. ते तिच्या आतून आलं."

मी उभी राहिले. कॉलेजातलं शुद्ध बोलायचं म्हणून मनात वाक्य जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तो आवाज माह्या मायचा होय."

काही लोक हसले. वाईट अर्थाने नाही, सवयीने.

"त्यात माह्या बहिणीचं नाव होतं. शेवंता. ते काहून कापलं?"

दिग्दर्शकाने मला ओळखलं. तो शांतपणे, समजावणीच्या सुरात बोलला, "तुझी भावना मी समजू शकतो. पण नाव ठेवलं असतं तर ते एका बाईचं दुःख झालं असतं. आता ते सगळ्या बायकांचं आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"एकाच बाईचं होतं ते," मी म्हणाले.

सर व्यासपीठावर होते. म्हणाले, "बस कर आता. प्रश्न असेल तर विचार, भाषण नको."

"प्रश्नच हाय, सर. बंडी कोनाची होती? सगळ्यात पहिले आभार ज्याचे मानले, त्याची होती. माही बहीण त्याच्या बंडीवाचून मेली. हे यायले माहीत होतं. मी सांगितलं होतं."

मी वाट पाहिली. नटीने मान खाली घातली होती. ती एक शब्द बोलली असती तरी पुरे होतं. ती बोलली नाही. मग पुढून एक चष्मेवाले गृहस्थ उठले आणि त्यांनी सिनेमातल्या सावल्यांबद्दल विचारलं. दिग्दर्शकाने फार सविस्तर उत्तर दिलं.

बाहेर टेपवाला भेटला. तो सिगारेट ओढत उभा होता. मी म्हणाले, "दादा, ते कापलेलं मला देता? जिथे नाव आहे तेवढंच." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "कापलेले तुकडे कोणी ठेवत नाही, ताई. फेकतात."

सोमवारी सरांनी बोलावलं. पाहुण्यांचा अपमान झाला, म्हणाले. सिनेमा आपल्या बाजूचा आहे आणि तूच त्याच्या विरुद्ध उभी राहिलीस, म्हणाले. समोर कोरा कागद सरकवला. "माफीच्या दोन ओळी लिही. मी पाठवून देतो. हॉस्टेलचं मग मी बघतो."

हॉस्टेलचं ऐकून मी घाबरले. खोटं कशाला बोलू. त्या खोलीशिवाय मला शहरात दुसरी जागा नव्हती. मी पेन उचललं. कागदाकडे बघत राहिले. आणि मला दिसलं की आजवर प्रत्येक वेळी मीच "काही नाही" म्हणाले होते. भिंत काळी केली तेव्हा. दगड ठेवला तेव्हा. मायला तिसऱ्यांदा रडायला लावलं तेव्हा. माझ्याशिवाय त्यांचं काही अडलं असतं की नाही, माहीत नाही. पण मी त्यांचा रस्ता झाले होते. माझ्यावरून चालत ते मायच्या पोटापर्यंत गेले.

मी पेन खाली ठेवलं. "मी लिहिणार नाही, सर."

"विचार कर."

"केला."

आठ दिवसांत हॉस्टेल सुटलं. नागपूरजवळच्या वाडीला मायचा एक मावसभाऊ ट्रकांच्या गोदामात हमाल होता. त्याच्या खोलीत, त्याच्या चार लेकरांत मी बी. ए. चं शेवटचं वर्ष काढलं. पास झाले. शाळेत नोकरी लागली.

पण त्याआधी मी गावी गेले होते. हॉस्टेल सुटल्या दिवशीच. माय ओट्यावर होती. मला ट्रंकेसकट पाहून उठली आणि नेहमीचंच विचारलं, "फिलिम आली काय वं?"

या वेळी मी सगळं सांगितलं. लपवलं काही नाही. मालगुजाराचं नाव पहिलं होतं, हेही सांगितलं.

ती ऐकत होती. हात विड्या वळत होते. मग हात थांबले.

"शेवंताचं नाव काढून टाकलं?"

"हो."

"बंडीचंही?"

"हो, माय."

"मंग मी कोनासाठी रडली?"

मी तिच्याजवळ ओट्यावर बसले.

तिने सूप बाजूला सारलं. म्हणाली, "मी नाही म्हनत होती. तू हात धरून नेलं मले."

रागाने नाही म्हणाली. जे झालं ते म्हणाली. त्यानंतर सहा वर्षं जगली. माझ्याजवळ राहिली, माझ्या हातचं जेवली, आजारपणात माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पण माझ्यासमोर शेवंताचं नाव तिने पुन्हा घेतलं नाही. मी मुद्दाम विषय काढायची. ती भिंतीकडे तोंड करायची. शेवटच्या दिवशीसुद्धा, ताप डोक्यात गेलेला असताना, तिने आम्हा दोघी बहिणींच्या बापाला हाक मारली, मला मारली. तिला नाही. ते नाव तिने माझ्यापासून लपवून आपल्यासोबत नेलं.

माफी मी कोणाकडे मागू? जिच्याकडे मागायची ती गेली. ज्यांनी मागावी त्यांना बक्षिसं मिळाली.

तो सिनेमा अजून दाखवतात. कॉलेजांत, कुठल्याशा महोत्सवांत. वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत जाहिरात येते. मी ती शोधते. तिकीट काढते, नाही तर दारात भांडून आत जाते. तो प्रसंग आला की अंधारात उभी राहते. "माह्या" आणि "वं" यांच्या मध्ये एका श्वासाएवढी जागा आहे. कात्रीने केलेली. त्या जागी मी मोठ्याने म्हणते, "शेवंता." पुढच्या जागी म्हणते, "बंडी मालगुजारानं नाही देल्ली."

लोक वळून पाहतात. शूऽऽ करतात. एकदा दोघांनी दंड धरून बाहेर काढलं. मागच्या वर्षी सिनेमा टीव्हीवर लागला. हेडमास्तरांच्या घरी सगळे शिक्षक जमले होते, चहा-पोहे होते. मी तिथेही उभी राहिले, तिथेही म्हणाले. पोह्याची बशी कोणाच्या तरी हातून पडली. दुसऱ्या दिवसापासून शाळेत दोघी-तिघी माझ्याशी बोलत नाहीत.

न बोलू देत. मला त्यांचं रडणं नको, टाळ्या नकोत. जोवर तो सिनेमा कुठेही चालतो आहे तोवर मी तिथे जाईन. मला बाहेर काढा. पुढच्या खेळाला मी पुन्हा येते.